कन्सोल वायफायला जोडताना नेमकं अडतं कुठं?

“मामा, मोबाइलवर नेट चालून रायलं, टीव्हीवर चालून रायलं, मग या पीएस फोरलेच काहून दिसून नाही रायलं?”

पहिल्या वेचणीचा कापूस विकला गेला आणि माझ्या भाच्याला त्याच्या बाबांनी नागपूरहून वापरलेला प्लेस्टेशन ४, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, आणून दिला. गाव दारव्हा तालुक्यातलं. घरात फायबर आहे, राउटर आहे, महिन्याचं रिचार्ज भरलेलं आहे. पोरगा संध्याकाळपासून पडद्यासमोर बसला होता. यादीत शेजारच्या काकाजींचं वायफाय दिसत होतं, स्वतःच्या घरचं दिसत नव्हतं.

मी याच भागात घरोघरी इंटरनेट जोडायचं काम करतो. कन्सोल अडला की घरातली मंडळी दोनच निष्कर्ष काढतात: ‘नेट स्लो आहे’ किंवा ‘मशीन खराब निघाली’. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. आणि इंटरनेटवर शोधून जे उपाय सापडतात, ते शहरातल्या फ्लॅटसाठी सांगितलेले असतात. आपल्या मातीच्या भिंती, टिनाचे शेड, खिडकीतला कूलर आणि दिवसातून चारदा जाणारी लाइन (वीज) यांचा त्यात विचार नसतो. म्हणून हा लेख.

वायफाय वेगळं, इंटरनेट वेगळं

आधी एक गैरसमज दूर करू. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय म्हणजे कन्सोल आणि राउटर यांच्यातला बिनतारी रस्ता, तोही घराच्या चार भिंतींपुरता. इंटरनेट त्याच्या पलीकडे सुरू होतं.

समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर आहे आणि त्यावर गाडी ताशी १२० ने पळू शकते. पण शेतातली कापसाची बंडी आधी पांदण रस्त्यानंच बाहेर पडते. अवकाळी पाऊस झाला आणि पांदणीत चाकं रुतली, तर पुढच्या महामार्गाचा त्या बंडीला काही उपयोग नाही. घरातलं वायफाय ही आपली पांदण. गावातून तालुक्याकडे जाणारी फायबरची तार हा डांबरी रस्ता. त्यापुढे कंपनीच्या यंत्रणेतून मुंबईच्या किंवा सिंगापूरच्या गेम सर्व्हरपर्यंत जातो तो महामार्ग. कन्सोल अडला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: बंडी कोणत्या टप्प्यावर अडली?

हे कन्सोल स्वतःच सांगतो, फक्त त्याला विचारावं लागतं. प्लेस्टेशन ४ मध्ये सेटिंग्जमधून नेटवर्कमध्ये जा आणि ‘टेस्ट इंटरनेट कनेक्शन’ निवडा. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विचमध्येही नेटवर्कच्या पानावर अशी चाचणी असते. प्लेस्टेशन ४ एकेक ओळ तपासत जातो. पहिली ओळ आयपी ॲड्रेस, म्हणजे राउटरकडून आकड्यांचा पत्ता, मिळाल्याची. ती अडली तर दोष घरात, म्हणजे पांदणीत. दुसरी ओळ इंटरनेट कनेक्शनची. पहिली पास आणि दुसरी नापास, तर राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, बाहेरची तार बघा. तिसरी ओळ प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये साइन-इन झाल्याची. फक्त तीच अडली तर घरचं नेट ठणठणीत आहे. अडचण तुमच्या खात्यात किंवा गेम कंपनीच्या सर्व्हरवर आहे, आणि राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही.

आता भाच्याचं ‘मोबाइलवर नेट चालून रायलं’. हा पुरावा तपासून घ्यावा लागतो. वायफायमधून इंटरनेट येत नसेल तर बरेच मोबाइल गुपचूप सिमच्या डेटावर जातात आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून आधी मोबाइलचा डेटा बंद करायचा, मग वायफायवर एखादा व्हिडिओ लावून बघायचा. मी कोणत्याही घरी गेलो की पहिलं काम हेच करतो.

तार तुटली आहे का, ते भिंतीवरच्या फायबरच्या डब्याकडे पाहून कळतं. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल झाला, तर काचेच्या तारेतून प्रकाश येतच नाही. कुठे जेसीबीनं पाइपलाइनसाठी खोदताना तार तोडलेली असते, कुठे खांबावरून जाणारी तार वानरांनी झोके घेऊन ओढलेली असते. अशा वेळी तक्रार नोंदवायची आणि कन्सोलच्या सेटिंग्जना हात लावायचा नाही.

घरचं नाव यादीतच का नाही?

भाच्याकडे पॉन हिरवा होता, मोबाइल खरोखर वायफायवरच चालत होता. तरी कन्सोलला नाव दिसेना.

घरगुती वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची रेडिओ लाट साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ ची पाच-सहा सेंटिमीटर. लग्नाच्या मांडवात डीजे लागला की आपल्या घरात त्याचा नुसता धमधम आवाज येतो, गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. जाड, खालचा सूर भिंती ओलांडतो, बारीक सूर भिंतीतच विरतो. रेडिओ लाटांचंही काहीसं तसंच आहे. २.४ दूर जातं आणि भिंतीतून बऱ्यापैकी निघतं, पण त्याचा वेग कमी. ५ वेगवान, पण भिंत आडवी आली की लवकर दमतं.

आणि प्रत्येक कन्सोलला दोन्ही पट्टे कळत नाहीत. २०१३ साली आलेला पहिला प्लेस्टेशन ४ फक्त २.४ ओळखतो. ५ गिगाहर्ट्झवरचं नाव त्याच्या यादीत कधीच येत नाही, तुम्ही राउटर त्याच्या डोक्यावर ठेवलात तरी. २०१६ मध्ये आलेल्या स्लिम आणि प्रो या मॉडेलांना दोन्ही पट्टे कळतात. ओळखायचं कसं? मागच्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक असतो. ‘सीयूएच’ या अक्षरांनंतरचा आकडा १०, ११ किंवा १२ ने सुरू झाला, तर डबा जुना, एकाच पट्ट्याचा. प्लेस्टेशन ३ सुद्धा २.४ वरच चालतो. एक्सबॉक्स ३६० च्या सुरुवातीच्या डब्यात तर वायफायच नव्हतं, वेगळा ॲडॉप्टर लावावा लागे. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स वन आणि त्यापुढचे एक्सबॉक्स, तसंच निन्टेंडो स्विच यांना दोन्ही पट्टे चालतात. आपल्याकडे बहुतेक कन्सोल नागपूर-अमरावतीहून वापरलेलेच येतात, त्यामुळे पैसे देण्याआधी तो स्टिकर वाचायची सवय ठेवा.

भाच्याच्या राउटरवर कुणीतरी ‘स्पीड चांगला मिळतो’ म्हणून २.४ चा पट्टा बंदच करून ठेवला होता. टीव्ही नवा, मोबाइल नवा, त्यांना ५ चाललं. जुन्या कन्सोलला घरात वायफाय असल्याचाच पत्ता नव्हता. राउटरच्या पानावर जाऊन २.४ सुरू केलं, त्याला शेवटी ‘२’ लावून वेगळं नाव दिलं, आणि अर्ध्या मिनिटात ते पडद्यावर आलं.

राउटरचं पान उघडणं अवघड नाही. मोबाइल घरच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये राउटरच्या मागे छापलेला पत्ता टाका. बहुधा तो १९२.१६८.१.१ असा काही असतो. नाव आणि पासवर्ड त्याच स्टिकरवर असतात. तिथे वायरलेसच्या भागात दोन्ही पट्टे दिसतात.

इथे माझं स्पष्ट मत सांगतो. ‘गेमसाठी नेहमी ५ गिगाहर्ट्झच वापरा’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. पुण्या-मुंबईच्या इमारतीत तो बरोबर आहे. तिथे एका मजल्यावर डझनावारी राउटर एकाच वेळी २.४ वर बोलत असतात आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग, म्हणजे चॅनेल, तीनच आहेत: १, ६ आणि ११. आपल्या गल्लीत मात्र राउटर तीन-चारच. हवा मोकळी आहे. एकाच खोलीत राउटर आणि कन्सोल असेल तर ५ घ्या. मध्ये जाड भिंत असेल तर गावात २.४ हाच पट्टा जास्त भरवशाचा, आणि ऑनलाइन खेळायला त्याचा वेग पुरून उरतो. राउटरला चॅनेल मात्र १, ६, ११ यांपैकीच द्या. १२ किंवा १३ दिलं तर काही उपकरणांना, विशेषतः अमेरिकेतून आलेल्यांना, ते जाळं दिसतच नाही.

भिंत, कोठी आणि कूलर

सगळ्यात जास्त वेळ जातो तो या भागात, आणि इथेच सुधारणा फुकटात होते.

आपल्याकडच्या घरांची रचना बघा. समोर नवी स्लॅबची खोली, मागे जुनं मातीचं घर, दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, वर कवेलू, बाजूला टिनाचं शेड. फायबरची तार रस्त्याकडून येते म्हणून डबा समोरच्या खोलीत बसतो. पोरं खेळतात मागे माजघरात, कारण समोर पाहुणे बसतात. मध्ये एक मातीची भिंत, तिला टेकून लोखंडी कपाट, शेजारी धान्याची टिनाची कोठी. लाटेनं जायचं कुठून?

कोरड्या मातीची भिंत लाट थोडी खाते, जाडी वाढली की जास्त खाते. तीच भिंत पावसाळ्यात ओल धरते, आणि पाण्यानं भिजलेली माती कोरड्या मातीपेक्षा बरंच जास्त शोषते. म्हणून ‘उन्हाळ्यात चालत होतं, पोळ्याच्या सुमारास बिघडलं’ ही तक्रार खोटी नसते. विटा-सिमेंटची साधी भिंत मातीच्या जाड भिंतीपेक्षा सोपी. स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात, तिथून वरच्या मजल्यावर पोचणं कठीण.

धातूचं गणित वेगळं आहे. टिनाचा पत्रा लाट शोषत नाही, आरशासारखी परतवतो. म्हणून डोक्यावर टिनाचं छप्पर असेल तर काळजी नको. राउटर आणि कन्सोल दोन्ही त्याच छपराखाली आहेत, लाटेला वर जायचंच नाही. पण दोघांच्या मध्ये टिनाची भिंत, लोखंडी कपाट किंवा भरलेली कोठी आली तर मागे सावली पडते, आणि कन्सोल नेमका त्या सावलीत बसलेला असतो. कपाट एक हात सरकवल्यानं जे होतं ते नवा राउटर घेऊनही होत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

उन्हाळ्यातला गुन्हेगार म्हणजे कूलर. लोखंडी अंग, तळाला पाणी, तिन्ही बाजूंना भिजलेल्या जाळ्या: लाट अडवायला याहून पक्की वस्तू घरात दुसरी नाही. खिडकीत लावलेला कूलर राउटर आणि कन्सोलच्या सरळ रेषेत येत असेल, तर मार्चमध्ये ठीक चाललेलं नेट एप्रिलमध्ये रडतं. शिवाय कन्सोल कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्या हवेत दमटपणा असतो. प्लेस्टेशन ४ आणि ५ साठी कंपनीनं ५ ते ३५ अंशांपर्यंतचं खोलीचं तापमान सांगितलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा जातो, तेव्हा भर दुपारी कन्सोल बंदच ठेवावा आणि मागचा झरोका भिंतीपासून वीतभर दूर असावा.

कापसाबद्दलही विचारतात. चांगल्या भावाची वाट बघत समोरच्या खोलीत कापूस छतापर्यंत रचलेला असतो. कोरडा कापूस म्हणजे बहुतांश हवाच, लाटेला तो फारसा अडवत नाही. पण राउटर किंवा फायबरचा डबा त्या ढिगात गाडला गेला तर त्याची उष्णता बाहेर निघत नाही, आणि कापसाजवळ गरम ॲडॉप्टर ही आगीची भीती आहे. तो कोपरा रिकामा ठेवाच.

मग राउटर ठेवायचा कुठे? जमिनीवर नाही, टीव्हीच्या मागे नाही, कपाटात तर अजिबात नाही. छातीच्या वर, शक्यतो दोन खोल्यांमधल्या दाराच्या वरच्या बाजूला. दार हा भिंतीतला मोकळा भाग आहे, लाट तिथून निघते. अँटेना उभी असेल तर लाट मुख्यतः आजूबाजूला पसरते, वर-खाली कमी. कन्सोल माडीवर असेल तर एक अँटेना आडवी करून बघा. प्लेस्टेशन ४ मध्ये ‘व्ह्यू कनेक्शन स्टेटस’ उघडलं की सिग्नल टक्क्यांत दिसतो. एक जण तो आकडा वाचत बसा, दुसऱ्यानं राउटर हळूहळू हलवा.

फायबरची पिवळी किंवा काळी तार स्वतः ओढून डबा हलवू नका. आत केसाएवढी काच असते, तीव्र वळण पडलं की प्रकाश गळतो आणि काच तुटतेही. डबा आहे तिथेच राहू द्या, त्यातून लॅनची केबल, म्हणजे नेटची तांब्याची तार, मागच्या खोलीपर्यंत न्या. ही केबल १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. वाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तेवढी लागतही नाही.

आणि केबल तिथवर नेलीच आहे, तर सरळ कन्सोलच्या मागे खोचा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सला लॅनचं छिद्र असतं. (पहिल्या निन्टेंडो स्विचच्या डॉकला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या बैठकीला, नव्हतं, २०२१ च्या ओलेड मॉडेलच्या डॉकला आलं.) भिंतीला बोटभर भोक पाडावं लागतं, आजी थोडी रागावते, पण पुढे भिंत ओली असो की कोरडी, कोठी भरलेली असो की रिकामी, फरक पडत नाही. ज्याला शक्य आहे त्यानं वायफायपेक्षा हेच करावं. रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पोचवणारा डबा, घ्यायचाच असेल तर तो कन्सोलजवळ नको, राउटर आणि कन्सोलच्या मधोमध लावा. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा साधा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो, हेही लक्षात घ्या.

नाव दिसतं, पण जोडत नाही

पासवर्ड टाकला, तरी नकार. नव्वद टक्के वेळा अक्षर चुकलेलं असतं. स्टिकरवरचं शून्य आणि ‘ओ’ हे अक्षर सारखे दिसतात, लहान-मोठी लिपी पाळावी लागते, आणि कन्सोलच्या कंट्रोलरनं टाइप करणं त्रासाचं. घरी स्वतःचा पासवर्ड ठेवा; किमान आठ अक्षरं लागतातच.

दुसरं कारण सुरक्षेच्या पद्धतीचं. राउटर आणि कन्सोल एकमेकांशी कुलूप-किल्लीच्या भाषेत बोलतात. २००४ पासून डब्ल्यूपीए२ ही पद्धत आहे, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला तर प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या डब्याला ते कुलूप उघडता येत नाही. राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा एकत्र पर्याय निवडा. डब्ल्यूईपी नावाची फार जुनी पद्धत मात्र कोणत्याही कारणानं लावू नका, ती सहज फोडता येते.

कन्सोल ‘प्रॉक्सी’बद्दल विचारतो तेव्हा ‘डू नॉट यूज’ निवडायचं. बाकी सगळं ‘ऑटोमॅटिक’.

नॅट टाइप ३: घरपत्ता नसलेलं घर

हा भाग थोडा किचकट आहे, पण मित्रांसोबत खेळणाऱ्या प्रत्येक पोराला कधी ना कधी तो भेटतोच. गेम उघडतो, डाउनलोड होतं, पण पुण्यातला चुलतभाऊ गटात येत नाही, बोलणं ऐकू येत नाही. चाचणीत लिहिलेलं असतं, ‘नॅट टाइप ३’. एक्सबॉक्सवर ‘स्ट्रिक्ट’.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत, आयपीव्ही४ मध्ये, असे सुमारे ४२९ कोटी पत्तेच होऊ शकतात. २०११ च्या फेब्रुवारीत त्यांचा जागतिक साठा वाटून संपला. म्हणून एका घराला एकच पत्ता द्यायचा आणि घरातले मोबाइल, टीव्ही, कन्सोल राउटरनं सांभाळायचे, अशी युक्ती चालते. एकत्र कुटुंबाच्या वाड्यावर एकाच नावानं पत्रं यावीत आणि आजोबांनी ती ज्याची त्याला द्यावीत, तसं. याला नॅट म्हणतात. आपण पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं तर आजोबांना कळतं कुणाचं ते. पण अनोळखी माणसाचं पत्र, कुणासाठी ते न लिहिता आलं, तर ते दारातूनच परत जातं. चुलतभावाचा कन्सोल आपल्या कन्सोलला थेट हाक मारतो तेव्हा हेच घडतं.

उपाय आधी घरात. राउटरमध्ये यूपीएनपी नावाचा पर्याय असतो, तो सुरू करा. त्यामुळे कन्सोल राउटरला सांगून ठेवतो की या दारावर आलेलं माझं. घरात दोन राउटर असतील, म्हणजे कंपनीच्या डब्याला तुम्ही आपला वेगळा राउटर जोडला असेल, तर दोन आजोबा झाले. आपल्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, पत्रं वाटणार नाही.

एवढं करूनही टाइप ३ राहिला, तर राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर कंपनीनं अनेक घरं मिळून एकच पत्ता ठेवला आहे. जणू अख्ख्या गावाची टपाल एकाच दारात. याला सीजीनॅट म्हणतात, आणि इथे घरातली कोणतीही सेटिंग पूर्ण उपयोगी पडत नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतो का ते विचारायचं. त्याचे वेगळे पैसे पडतात. पण घाई करू नका. टाइप २ असेल तर बहुतेक गेम व्यवस्थित चालतात, त्यावर खर्च करायचं कारण नाही.

वेग, पिंग आणि मोबाइलचा हॉटस्पॉट

‘शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे तरी गेम अडकतो’ असं म्हणतात तेव्हा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. वेग म्हणजे एका फेरीत किती माल येतो. पिंग म्हणजे फेरी जाऊन यायला किती वेळ लागतो. खेळताना माल अगदी थोडा असतो, फेऱ्या मात्र सारख्या चालू असतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईच्या सर्व्हरला जाऊन यायला प्रकाशाला आठ-दहा मिलीसेकंद पुरतात. सिंगापूरला चाळीसच्या आसपास लागतातच, त्याला कुणी काही करू शकत नाही. गेममध्ये सर्व्हर निवडता येत असेल तर भारतातला निवडा. आणि पिंग मध्येच उसळून दोनशे-तीनशे होत असेल तर महामार्गाला दोष देण्याआधी पांदण बघा: वायफाय कमजोर असलं की हरवलेले तुकडे पुन्हापुन्हा पाठवावे लागतात, आणि वेळ तिथेच जातो. घरात त्याच वेळी कुणी मोठा व्हिडिओ पाठवत असेल तरीही हेच होतं.

ज्या गावात फायबर नाही तिथे मोबाइलचा हॉटस्पॉट हाच आधार. जुन्या कन्सोलसाठी हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा. आयफोनमध्ये ‘मॅक्झिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी’ सुरू करा. खेळण्यापुरता डेटा पुरतो. गेम उतरवायला मात्र नाही. ६० जीबीचा गेम रोज २ जीबीच्या पॅकवर महिनाभर लागेल. हाच गेम ३० एमबीपीएसच्या फायबरवर साडेचार तासांत आणि १०० वर दीड तासाच्या आत येतो. अशा घरांनी डिस्कचा गेम घ्यावा, किंवा कन्सोल तालुक्याला नातेवाइकाकडे एक रात्र ठेवावा. आमच्याकडे पोरं पिशवीत कन्सोल घालून एसटीनं येतात आणि सकाळी घेऊन जातात.

लाइन गेली की

लाइन गेली की राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद पडतात, आणि परत आल्यावर जोडणी उभी राहायला दोन-तीन मिनिटं लागतात. खेळ तेवढ्यात गेलेला असतो. यावर छोटा डीसी यूपीएस, म्हणजे राउटरपुरता बॅटरीचा डबा, मिळतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचा व्होल्टेज, बहुधा १२ व्होल्ट, आणि अँपिअर जुळवून घ्या. जास्त व्होल्टेज लावलं तर राउटर जळतो. कन्सोलला मात्र तो पुरत नाही, त्याला इन्व्हर्टरच हवा. कन्सोल चालू असताना वारंवार लाइन गेली तर आतल्या हार्ड डिस्कवरच्या फाइली बिघडू शकतात. म्हणून वाऱ्या-वादळाच्या संध्याकाळी सेव्ह करून नीट बंद करा.

आभाळातल्या विजेचं वेगळं सांगतो, कारण यात मी दोन घरांची उपकरणं जळालेली पाहिली आहेत. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. लॅनची केबल तांब्याची. ती एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून, छपरावरून नेली असेल तर जवळ कुठे वीज पडली तरी झटका त्या केबलमधून राउटरपर्यंत आणि कन्सोलपर्यंत येतो. दोन घरं जोडायची तर मध्ये फायबरच टाका. आणि जूनमध्ये आभाळ भरून आलं की कन्सोलची, राउटरची आणि टीव्हीची पिन काढून ठेवा, बटण बंद करणं पुरेसं नाही.

भाच्याला हे मी एकदाच सांगितलं, पण ऐकलं ते त्याच्या आजीनं. आता लांबवर गडगडलं की ती ओसरीवरूनच आवाज देते, “बापू, ईज चमकून रायली, तिन्ही पिना काढ पयले.” तोही गेम सेव्ह करून उठतो.